राजधानीची बातमी आणि जासईची बातमी

(जासई येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जासईच्या भूमीवर उभे राहून दूरचित्रवाणीच्या बातम्यांविषयी बोलायचे, तर प्रारंभ दिल्लीतल्या किंवा नोएडातल्या एखाद्या झगमगत्या स्टुडिओपासून करता येणार नाही. तो १६ जानेवारी १९८४ या दिवसापासूनच करावा लागतो. सिडकोने आणि न्हावा-शेवा बंदराने घेतलेल्या जमिनींना न्याय्य मोबदला मिळावा, म्हणून या पंचक्रोशीतला शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरला होता. दास्तान फाट्यावर गोळीबार झाला. नामदेव घरत आणि रघुनाथ ठाकूर तेथे पडले. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, पागोट्याचे महादेव पाटील, केशव पाटील आणि कमळाकर तांडेल हे तिघे धारातीर्थी पडले. ही नावे या सभेत कोणाला सांगायला नकोत. येथील लहान मुलालाही ती पाठ आहेत. परंतु पुण्यातल्या, नागपुरातल्या, किंबहुना खाडीपलीकडच्या दादर-गिरगावातल्या किती सुशिक्षित घरांत ही पाच नावे ठाऊक असतील? आजच्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे.

त्या दिवशी वरळीच्या दूरदर्शन केंद्रापासून जासई किती दूर होती? वाशीचा खाडीपूल १९७३ मध्येच झाला होता. कॅमेरा घेऊन निघालेला माणूस दोन-अडीच तासांत येथे पोहोचला असता. म्हणजे अंतर रस्त्याचे नव्हते, निर्णयाचे होते. ते कसे निर्माण झाले, याचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपकामुळे ते पुण्यालाही दिसू लागले. मराठी माणसाने त्या केंद्रावर मनापासून प्रेम केले. संध्याकाळच्या मराठी बातम्या हा कित्येक घरांत दिवेलागणीइतकाच नेमाचा भाग होता. प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांनी बातम्या वाचल्या आणि मराठी उच्चारांचे एक मानदंड घराघरांत नेऊन ठेवले. पण ते केंद्र होते शासनाचे. आणीबाणीत त्याचा कसा वापर झाला, हे येथे बसलेल्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधी पक्षांची सभा होती आणि लोकांनी घरीच बसावे म्हणून त्या संध्याकाळी दूरदर्शनवर ‘बॉबी’ चित्रपट लावण्यात आला. मैदान तरीही भरले, हा भाग वेगळा!

१५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरायच्या होत्या, रंगीत प्रक्षेपणही तेव्हाच आले. रात्रीचा मोक्याचा वेळ दिल्लीकडे गेला, आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास या केंद्रांनी आपले काय असेल ते संध्याकाळच्या पहिल्या प्रहरात उरकून घ्यावे, अशी व्यवस्था झाली. त्यानंतर देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याचा धडाका लागला. १९८४ च्या उत्तरार्धात तर काही महिने सरासरी रोज एक, या वेगाने मनोरे उभे राहिले. लोकसभेची निवडणूक जवळ आली होती, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

हे सर्व मनोरे घेणारे होते, देणारे नव्हते. दिल्लीहून आलेले चित्र उचलायचे आणि आसपासच्या पंधरा-वीस किलोमीटरांत पसरवायचे, एवढेच त्यांचे काम. जिल्ह्याच्या ठिकाणी मनोरा आला, पण त्या जिल्ह्याची बातमी वर पाठवण्याची सोय त्यात नव्हती. दिल्लीला जिल्ह्याशी बोलता येऊ लागले. जिल्ह्याला दिल्लीशी बोलता येईना. त्याच सुमारास शासनाने नेमलेल्या पी. सी. जोशी समितीने आपल्या अहवालात या दिल्लीकेंद्री दृष्टीवरच बोट ठेवले होते. अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. राष्ट्रीय प्रक्षेपणाने या देशाला काहीच दिले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी आसेतुहिमाचल रस्ते ओस पडू लागले. कोणत्याही राजकीय पुढाऱ्याला न साधलेले ते एकात्म दर्शन होते. म्हणून तक्रार राष्ट्रीय प्रक्षेपणाविरुद्ध नाही. ‘राष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ ‘राजधानीतला’ असा लावला गेला, त्याविरुद्ध आहे.

हा अर्थ आपल्या परंपरेतला नव्हे. याच उरण तालुक्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि आठ जणांनी प्राण दिले. त्याच वर्षी जुलै महिन्यात डॉ. हेडगेवारांनी विदर्भात यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह केला आणि नऊ महिन्यांची शिक्षा स्वीकारली. चिरनेरचा आगरी-कोळी-कातकरी आणि नागपूरचा डॉक्टर यांची कधी भेट झाली नव्हती. गवत आणि लाकूड कापण्याचा हक्क हा वरकरणी अगदी गावपातळीवरचा प्रश्न होता. तरी ती चळवळ राष्ट्रीयच होती. त्याही आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्यांनी ‘केसरी’तून काय केले? सरकारच्याच दुष्काळ संहितेतले शेतकऱ्याचे हक्क सोप्या मराठीत मांडले आणि खेड्यापाड्यांत पोहोचवले. पीक किती बुडाले की सारा माफ होतो, हे गावच्या माणसाला कळणे, ही त्यांच्या लेखी स्वराज्याचीच बातमी होती.

या दृष्टीने १९८४ च्या जासईकडे पाहावे. ज्या कायद्याखाली येथल्या जमिनी घेतल्या गेल्या, तो भूसंपादन कायदा १८९४ चा होता, म्हणजे गोळीबाराच्या वेळी नव्वद वर्षांचा झालेला होता. नर्मदेपासून सिंगूरपर्यंत पुढे जो संघर्ष देशाने पाहिला, त्याचे सगळे प्रश्न जासईत आधीच विचारले गेले होते: सार्वजनिक हित कोण ठरवणार, भाव कोण ठरवणार, आणि जमीन गेल्यावर शेतकऱ्याचा मुलगा काय करणार? या लढ्याचे फळ म्हणून १९९० पासून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जमीन देणारा विकासातला भागीदार आहे, हे तत्त्व त्या योजनेने मान्य केले. १८९४ चा कायदा जाऊन नवा कायदा लागू व्हायला मात्र १ जानेवारी २०१४ उजाडला. ज्या प्रश्नावर अखेर संसदेला कायदा बदलावा लागला, तो प्रश्न तीस वर्षे ‘स्थानिक’ या कप्प्यात पडून होता. दि. बा. पाटील शेतकरी कामगार पक्षाचे, लाल बावट्याचे. त्यांच्या आणि आपल्या विचारांत अंतर होते, ते लपवण्याचे कारण नाही. पण पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार राहिलेल्या या माणसाने जे मांडले ते राष्ट्राच्या कामाचे होते, हे म्हणायला पक्षाची अट आड येऊ नये.

याला पर्याय होता का? होता, आणि तो परदेशात शोधायला नको. शेजारच्या गुजरातेत, खेडा जिल्ह्यातल्या पीज या गावी १९७५ मध्ये इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने एक छोटा प्रक्षेपक उभारला. दिल्लीचा कार्यक्रम त्यावर दिसे आणि स्थानिक कार्यक्रमही दिसे. शेतमजुरीचे दर, दूध सहकारातला व्यवहार, अस्पृश्यता, सावकारी असे विषय गावातलीच माणसे, गावच्याच बोलीत मांडत. हा प्रयोग एवढा गाजला की १९८४ मध्ये युनेस्कोने त्याला पुरस्कार दिला. आणि पुढच्याच वर्षी तो गुंडाळण्यात आला! प्रक्षेपक हलवायचा ठरला, तेव्हा खेड्याचे लोक विरोधासाठी उभे राहिले. आमचा टी. व्ही. नेऊ नका, असे म्हणत शेतकरी आंदोलन करतात, हे दृश्य जगात फार ठिकाणी दिसले नसेल.

परदेशचीच उदाहरणे हवी असतील, तर ब्रिटनमध्ये बीबीसीच्या सायंकाळच्या राष्ट्रीय बातमीपत्राला लागूनच प्रत्येक विभागाचे स्वतंत्र बातमीपत्र असते. जर्मनीत तर राष्ट्रीय वाहिनी हाच मुळी प्रादेशिक केंद्रांचा संघ आहे. तिचे मुख्य बातमीपत्र राजधानी बर्लिनमधून नव्हे, हॅम्बुर्गहून निघते.

मग खासगी वाहिन्या आल्या. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’, २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’, २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’, २००८ मध्ये ‘आयबीएन लोकमत’. आता प्रश्न सुटला, असे सर्वांना वाटले. चोवीस तास, मराठी भाषा, जिल्ह्याजिल्ह्यात प्रतिनिधी. आणखी काय हवे? पण या वाहिन्यांचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. जाहिरातीचा दर ठरतो प्रेक्षकसंख्येवर, आणि प्रेक्षकसंख्या मोजली जात होती घरोघर बसवलेल्या मीटरवर. ‘टॅम’ या संस्थेच्या काळात हे मीटर मुख्यतः मोठ्या शहरांतच होते. ग्रामीण भारताचे आकडे मिळू लागले ते ‘बार्क’ने ऑक्टोबर २०१५ मध्ये ते जाहीर करायला सुरुवात केल्यानंतर. याचा सरळ अर्थ असा की, उरण तालुक्यातल्या खेड्यात एखादे कुटुंब रात्रंदिवस बातम्या पाहत असले, तरी वाहिनीच्या हिशेबात ते कुटुंब अस्तित्वातच नव्हते. मुंबईच्या उपनगरात रेल्वे वीस मिनिटे उशिरा आली की ती ठळक बातमी, खेड्यातली एस. टी. फेरी कायमची बंद झाली तरी ती बातमी नाही. संपादकाचा द्वेष यात नसतो. मीटर जिकडे, तिकडे कॅमेरा.

तालुक्याच्या प्रतिनिधीची स्थिती आणखी कठीण. त्याला बहुतेक ठिकाणी मासिक वेतन नसते, प्रसारित झालेल्या प्रत्येक बातमीमागे मानधन असते. दुचाकीला पेट्रोल त्याचे, कॅमेरा त्याचा, आणि बातमी लागली नाही तर श्रमही त्याचेच. असा माणूस खारफुटीच्या ऱ्हासावर तीन दिवस खर्च करील, की अपघाताचे चित्रण पाठवून मोकळा होईल? मग ‘स्थानिक बातमी’ या नावाखाली उरते काय? अपघात, खून, उद्घाटनाच्या फिती आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. यालाच स्थानिक वृत्त म्हणायचे असेल, तर दिल्लीच्या संपादकाने नाक मुरडले त्याला दोष तरी कसा द्यावा?

याचे सर्वांत दाहक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. महानगर बुडाले, शेकडो माणसे गेली. ती बातमी राष्ट्रीय होतीच, त्यात वाद नाही. पण त्याच पावसात महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. आज देशात ‘सव्वीस जुलै’ म्हटले की पाण्यात उभ्या असलेल्या मोटारी डोळ्यांपुढे येतात. जुई गावाचे नाव किती जणांना आठवते? १६ वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, त्याच महाड तालुक्यात तळीये गाव दरडीखाली गाडले गेले. दासगाव-जुईची बातमी वाहिन्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली असती, दरडप्रवण गावांच्या याद्यांचे आणि पुनर्वसनाचे काय झाले हे दर पावसाळ्यात विचारले असते, तर तळीये वाचले असते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. विचारणारे कोणी नव्हते, एवढे मात्र म्हणता येते.

आणि माळीण? ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात ते गाव डोंगराखाली गेले, दीडशेवर माणसे गेली. ही बातमी जगाला प्रथम कोणी दिली? कोणत्याही वाहिनीने नाही. नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एस. टी.च्या चालकाला जेथे गाव असायचे तेथे गाव दिसले नाही, आणि त्याने ते कळवले. उपग्रह, ओबी व्हॅन, चोवीस तास जागी असलेली न्यूजरूम हे सारे एका बाजूला, आणि रोज त्या रस्त्याने जाणारा, ते गाव ओळखणारा माणूस एका बाजूला! स्थानिक वार्ताहर म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या पत्रकारितेच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. काय बदलले हे ज्याला कळते, कारण आधी काय होते हे त्याला ठाऊक असते, तो.

उलट बाजूही मांडली पाहिजे. घटना राष्ट्रीय महत्त्वाची असते तेव्हा स्थानिक उत्साहाला आवर घालावा लागतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला आणि कमांडोंच्या हालचाली थेट प्रक्षेपणातून दिसत राहिल्या. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ते पाहून अतिरेक्यांना सूचना देत होते. कसाबच्या खटल्याच्या निकालात, ऑगस्ट २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना याबद्दल कठोर शब्दांत सुनावले. पुढे २०१५ मध्ये अशा कारवायांच्या थेट प्रक्षेपणावर नियमानेच बंदी आली. सर्वांत आधी दाखवण्याच्या हव्यासाला राष्ट्रहिताची मर्यादा हवी, हा धडा मोठी किंमत देऊन मिळाला.

आता अगदी अलीकडचे. १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते अटल सेतूचे उद्घाटन झाले. शिवडी ते न्हावा-शेवा, सुमारे २२ किलोमीटर, देशातला सर्वांत लांब सागरी सेतू. अभिमान वाटावा असेच ते काम आहे. त्याच दिवशी खारकोपर ते उरण लोकल गाडीही सुरू झाली. आता विचार करा: दिल्लीतल्या निर्मात्याच्या दृष्टीने त्या दिवसाची बातमी कोणती? सेतू. उरणच्या महाविद्यालयीन मुलीच्या दृष्टीने कोणती? लोकल. सेतूवरून जायला मोटार लागते आणि पथकर लागतो. लोकलला मासिक पास पुरतो. दोघांचेही बरोबर आहे. चांगल्या वृत्तसंपादकाचे कौशल्य असे की, तो सेतूच्या बातमीत त्या मुलीला जागा देईल, आणि लोकलच्या बातमीत देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक इतकी वर्षे शेजारी असताना उरणला प्रवासी रेल्वे यायला २०२४ का उजाडले, हा राष्ट्रीय प्रश्न विचारील. समतोल म्हणजे दहा मिनिटे दिल्ली आणि दहा मिनिटे गल्ली अशी वाटणी नव्हे. ती तराजूची कसरत कोणताही कारकून करू शकतो.

विमानतळाच्या नावाचा प्रश्न तर आपण सर्वांनी अनुभवलाच. १० जून २०२१ ची मानवी साखळी, २४ जूनचा सिडको भवनाला घेराव. करोनाचा काळ असूनही हजारोंनी माणसे उतरली. वाहिन्यांनी ते दाखवले; नाही असे नाही. पण कसे दाखवले? बाळासाहेब विरुद्ध दिबा, हा पक्ष विरुद्ध तो पक्ष, असा आखाडा रात्रीच्या चर्चेत मांडला गेला. बाळासाहेबांविषयी आदर असणारी शेकडो घरे याच गावांत आहेत आणि दिबांविषयी कृतज्ञता असणारीही तीच आहेत, ही साधी गोष्ट स्टुडिओत कोणाला सुचली नाही. पंचाण्णव गावांची जमीन, पाच हुतात्मे, विमानतळासाठी घर सोडावे लागलेली कुटुंबे, सपाट झालेला उलव्याचा डोंगर, वळवलेली नदी, हे सगळे त्या आरडाओरड्यात हरवले. २०२२ मध्ये विधिमंडळाने दिबांच्या नावाचा ठराव केला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. धावपट्ट्या किती, प्रवासी किती, हे देशाला सविस्तर कळले. धावपट्टीखाली कोणाचे भातशेत होते, ते कळायचे राहून गेले.

थोडे आपल्याकडेही पाहू. राष्ट्रीय प्रश्नांवर हिरिरीने बोलणारा कार्यकर्ता रात्री नऊची चर्चा चुकवत नाही. काश्मीर, सीमा, परराष्ट्रनीती यांवर त्याचे मत तयार असते. त्याच वेळी आपल्या ग्रामपंचायतीची ग्रामसभा केव्हा झाली, तिच्यात काय ठरले, हे त्याला सांगता येत नाही. वाहिनीने दिल्लीलाच देश मानले, तर प्रेक्षकानेही तेच केले आहे. मोबाइलवर आलेला प्रत्येक संदेश पुढे ढकलणे म्हणजे जनजागरण, असाही एक समज पसरला आहे. तालुक्याच्या वार्ताहराला याचा उपयोग शून्य. त्याला हवे असते तारीख, ठिकाण, कागदाची प्रत आणि नावानिशी बोलायला तयार असणारा माणूस. एवढे हातात असले, तर स्वतःच्या पेट्रोलने फिरणारा तो तरुणही वरच्या संपादकाशी भांडू शकतो.

म्हणून येथील तरुणांना एकच काम सुचवायचे आहे. १९८४ च्या लढ्यात विशी-तिशीत असलेली माणसे आज साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्या दिवशी दास्तान फाट्यावर कोण कोठे उभे होते, लाठ्या कोणी खाल्ल्या, जखमींना कोणी आणि कशातून नेले, स्त्रिया कोणत्या गावांतून आल्या होत्या, हे सांगणारे अजून आहेत. प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असलेला फोन आहे. त्यांच्याजवळ बसा, आगरी बोलीतच बोलू द्या, मध्ये तोडू नका, नाव, गाव आणि तारीख नोंदवा. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा आणि एक मुंबईच्या वाहिन्यांकडे पाठवा. दरवर्षी १६ जानेवारीला हुतात्मा स्मारकावर पुढाऱ्यांच्या पुष्पचक्रांचे चित्रण करायला कॅमेरे येतातच. पुढच्या वेळी ते आले की, पुष्पचक्र वाहून झाल्यावर त्यांना थांबवून या माणसांच्या अंगणात घेऊन जा.